कादंबरीतला महजूब

बेनी मेल्लाल
१४ जानेवारी २०१३

भाऊ बूजमा,

पुस्तक मिळालं. पोस्टातून पावाच्या भट्टीवाला सी हम्माद घेऊन आला, तो त्याच बाजूला गेला होता. वर तुझं नाव आहे, मागं फोटो आहे. फोटोत तू कुणाला तरी अटक करायला निघाल्यासारखा दिसतोस. सुकैना म्हणाली, "फोटोवाल्यानं मामांना हसायला सांगितलं असेल, म्हणून असं झालं."

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू 'हं, हं' करतोस आणि ठेवून देतोस. शिवाय घर दोन खोल्यांचं. मी कुठंही उभी राहून बोलले तरी लल्ला बातूलना ऐकू जातं. सासूबाईंची नजर गेली तसे त्यांचे कान वाढलेत.

सुकैना दुपारी कॉलेजातून आली की आम्हाला वाचून दाखवते. मी जेलाब्याच्या झग्यांची बटणं विणत असते, लल्ला बातूल हातानं चाचपून मसूर निवडतात. सुरुवातीला मजा आली. तुझा तो इन्स्पेक्टर चहात साखर किती घालू यावर अर्धं पान विचार करतो, तेव्हा लल्ला बातूल म्हणाल्या, "हा बूजमाच." मग तो हरवलेला माणूस आला. इलेक्ट्रिशियन. शिडीवर चढला की शिट्टी वाजवणारा, उजव्या मनगटावर घड्याळ बांधणारा, अंड्यातलं पिवळं ताटाच्या कडेला सारणारा. नाव तू अब्देलकादर ठेवलंस. भाऊ, असा माणूस मी एकच पाहिलाय, आणि त्याच्याशी माझं लग्न झालं होतं.

काल शेवटून दुसरं प्रकरण झालं. नावाडी इन्स्पेक्टरला सांगतो ते. वारा उलटला, नावेत पाणी शिरलं, एका गरोदर बाईजवळची हवेची ट्यूब फुटली, आणि त्या इलेक्ट्रिशियननं आपली ट्यूब काढून तिच्या गळ्यात घातली. सुकैना वाचता वाचता थांबली. लल्ला बातूल म्हणाल्या, "ते पान परत वाच." तिनं वाचलं. त्या म्हणाल्या, "परत."

महजूब नव्व्याण्णव सालच्या शरदात घरातून गेला. त्यानंतर दर ईदला तू आलास, माझ्या हातचं जेवलास, आणि दर वेळी म्हणालास, काही कळलं नाही. मला एवढंच सांग. तुला हे कळलं कधी? आणि मला सांगायच्या आधी छापखान्याला का सांगितलंस?

तुझी बहीण
यामना

लाराश
२९ जानेवारी

यामना,

उत्तर एका ओळीचं आहे. मला काही कळलेलं नाही, ते मी रचलं.

तुला एका ओळीवर विश्वास बसणार नाही, म्हणून पुढचं लिहितो. त्या हिवाळ्यात मी रजा काढून तांजियेरपासून खाली लाराशपर्यंतचा किनारा पायी पाहिला. शवागारं पाहिली. समुद्रापलीकडच्या देशातल्या पोलिसांत ओळखीचा एक जण होता, त्याच्याकडून सापडलेल्यांची यादी मागवली. चोरून पलीकडं माणसं नेणाऱ्या नावाड्यांपैकी दोघांना पुढं मीच पकडलं. जबानी संपल्यावर, खुर्ची त्यांच्या बाजूला ओढून, विनवणी करून विचारलं, तपकिरी जाकिटातला इलेक्ट्रिशियन होता का? एक म्हणाला, होता. दुसरा म्हणाला, नव्हता. दोघंही मला खूश करायला बोलत होते. महजूबनं तुला सांगितलं होतं तांजियेरला हॉटेलच्या वायरिंगचं काम आहे. तसं काम कुठल्याच हॉटेलात निघालं नव्हतं. तो नावेत बसला की नाही, हेसुद्धा मला माहीत नाही. हे सगळं मी तुला तेव्हाही सांगितलं होतं.

निवृत्त झालो, मग तुझी नईमा वहिनी गेली. घरात आवाज राहिला नाही, म्हणून लिहायला बसलो. आयुष्यभर अहवाल लिहिले, दुसरं काही येत नव्हतं. माझ्या पुस्तकाचं नाव 'नोंद नाही' आहे ना? मूळ हस्तलिखित तिथंच संपत होतं. माणूस सापडत नाही, इन्स्पेक्टर फाईल बंद करतो. कासाब्लांकाच्या प्रकाशकबाई म्हणाल्या, "साहेब, अडीचशे पानं त्याला शोधायला लावलंत, आणि आता म्हणता सापडला नाही? वाचक पुस्तक तोंडावर फेकेल." मग मी शेवट दिला. माझ्याच्यानं जेवढा चांगला देता येईल तेवढा दिला.

शिट्टी, घड्याळ वगैरे लिहिताना वाटलं होतं कुणाच्या ध्यानात येणार नाही. घरी बसून बायका कादंबऱ्या मोठ्यानं वाचतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

निवृत्त पोलिसांना हल्ली हे वेडच लागलंय. आमचे जुने साहेब, कमिसेर दुक्काली, त्यांनीही आठवणी छापल्यात. दर दहा पानांनी ते स्वतः दार फोडून आत शिरतात. मी त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं होतो, त्यांना खुर्चीतून उठतानाही फारसं पाहिलं नाही.

लल्ला बातूलना सांग, ती गोष्ट आहे.

तुझा
बूजमा

बेनी मेल्लाल
२० फेब्रुवारी

भाऊ,

तुझं पत्र वाचलं. पटलं नाही. पोलिसाचं 'माहीत नाही' आणि दुकानदाराचं 'माल संपला', दोन्ही मी खूप ऐकलंय.

तरी तू सांगितलंस तसं लल्ला बातूलना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हं." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पेटीतून पांढरे कपडे काढायला लावले. त्यांच्याच वैधव्यातले, नीट घडी घालून ठेवलेले. मला म्हणाल्या, "अंगाला धरून बघ." मी धरले. त्या हात लावून म्हणाल्या, "बाह्या आखूड होतील, तूच जोड."

मग आम्ही इमामांकडं गेलो. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, माणूस नसला तरी त्याच्यासाठी जनाज्याची नमाज पढता येते, पण तो गेला असं कुणीतरी ठरवलेलं हवं. कोर्टाचा कागद आणा. म्हणून कोर्टात. सी हम्मादनं भट्टीची गाडी काढली आणि स्वतः चालवली, नाहीतर लल्ला बातूलना टॅक्सीत चढवणं अवघड होतं. तिथं कारकुनानं विचारलं, "साक्षीदार कोण?" लल्ला बातूलनी पिशवीतून तुझं पुस्तक काढून त्याच्या टेबलावर ठेवलं. त्यानं मागचा फोटो बघितला, चार पानं चाळली आणि म्हणाला, "आजी, ही कादंबरी आहे."

"लिहिणारा पोलीस आहे ना?" त्या म्हणाल्या.

त्यानं पुस्तक मिटून अर्ज घेतला. एप्रिलच्या अठरा तारखेला सुनावणी आहे, साक्षीदारांत तुझं नाव टाकलंय. शेजारपाजारचेही काही जण येतील. तू ये, आणि जे लिहिलंस ते सांग. सगळ्या देशापुढं सांगितलंस, एका न्यायाधीशापुढं सांगायला काय हरकत आहे?

इकडं थंडी अजून आहे. यंदा ऑलिव्हला तेल कमी उतरलं असं सी हम्माद म्हणतो.

यामना

लाराश
८ मार्च

यामना,

मी येणार नाही.

तू रागावशील, तरी ऐक. मी कोर्टात शेकडो वेळा उभा राहिलोय. शपथ घेऊन मी तिथं काय सांगू? की मी सकाळी कॉफी घेऊन टेबलाशी बसलो आणि तुझ्या नवऱ्याला बुडवलं? न्यायाधीश विचारतील, तो नावाडी कुठं आहे. तो माझ्या डोक्यात आहे.

आणि खरं सांगायचं तर मला या पुस्तकाचा आता कंटाळा आलाय. गेल्या महिन्यात इथल्या वाचनालयात बोलायला बोलावलं होतं. तीस-चाळीस माणसं होती. एक मासळीवाला उठला, माझ्याच वयाचा. म्हणाला, "साहेब, पुस्तक आवडलं. तुमच्या पुस्तकातला इन्स्पेक्टर संशयिताला चहा देतो, सिगारेट देतो, कधी हात उगारत नाही. हा इन्स्पेक्टर कुठल्या देशातला?" सगळे हसले. मीही हसलो. घरी येताना वाटेत लक्षात आलं, त्याला उत्तर द्यायचं राहून गेलं. अजून सापडलेलं नाही. अशा पुस्तकाची तू साक्ष काढायला निघालीस.

सुटका हवी असेल तर सरळ रस्ता आहे. नवरा इतकी वर्षं बेपत्ता आहे, या कारणावर कोर्ट तुला घटस्फोट देईल. वकील मी बघतो. त्याला ना पुस्तक लागेल ना मी.

आणखी एक. मी आयुष्यभर लोकांच्या जबान्या वाचल्या. तुझ्या दोन पत्रांत सी हम्मादचं नाव तीनदा आलंय, आणि तिन्ही वेळा त्याच्यावाचून वाक्य अडत नव्हतं. तेल किती उतरलं हे तुला दुसरं कुणी सांगितलं नसतं का?

बूजमा

बेनी मेल्लाल
१९ मार्च

भाऊ,

बरं झालं तुला निवृत्त केलं. बहिणीचीही जबानी तपासतोस.

हो. त्यानं विचारलंय. त्याच्या बहिणीकरवी, गेल्या रमजाननंतर. त्याची बायको जाऊन सहा वर्षं झाली. गल्लीतल्या सगळ्या घरांनी मळून पाठवलेले पाव त्याच्या भट्टीत भाजले जातात, आणि प्रत्येक घरचा पाव त्याला ओळखता येतो. माझा पाव करपत नाही कधी. एवढंच आहे. तू काही वेगळं समजू नकोस.

घटस्फोटाचं मला कळत नाही असं तुला वाटतं? सुकैनानंच सांगितलं होतं, तिच्या मैत्रिणीच्या आईनं घेतला. पण विचार कर. घटस्फोट मागायचा तर मला तिथं उभं राहून म्हणावं लागेल, माझा नवरा मला टाकून गेला. लल्ला बातूल शेजारी बसलेल्या असताना. आणि तो मिळाला की मी महजूबची कुणी नाही. मग ही बाई माझ्या घरात कुठल्या नात्यानं राहील? ती स्वाभिमानी आहे. दुसऱ्या दिवशी गाठोडं बांधून पुतण्याकडं जाईल, आणि त्याची बायको तिला कोपऱ्यात बसवून जेवण पुढं सरकवील. मी विधवा झाले तर ती माझी सासू राहते. हम्मादनं ते आधीच कबूल केलंय. म्हणाला, "आजी आमच्याकडं येतील, भट्टीजवळची खोली गरम असते."

आणि तू बुडवलंस म्हणतोस ना महजूबला? मी गेली चौदा वर्षं काय करतेय असं तुला वाटतं? कधी मी त्याला बुडवते, कधी तुरुंगात टाकते, कधी दुसऱ्या बाईच्या घरी नेऊन बसवते. तुझा एकदाच छापून झाला आणि तू थकलास. मी पण थकलेय, बूजमा. पटकन चिडतेसुद्धा नाही आता.

येणार नसलास तर तसं कोर्टाला कळव. लल्ला बातूलना मी काय सांगायचं ते बघेन.

यामना

बेनी मेल्लाल
२६ मार्च

बाळा बूजमा,

मी बातूल, महजूबची आई. हे सुकैना लिहितेय. यामना बाजारात गेलीय. हे पत्र आलं होतं असं तिला सांगायचं नाही.

तू यायला नाही म्हणतोस असं कळलं. तुला वाटतं म्हातारीला गोष्ट आणि खरं यांतलं कळत नाही. माझ्या आजोळी हिवाळाभर गोष्टी चालायच्या. गोष्ट कुठं सुरू होते ते मला माणसाच्या आवाजावरून कळतं. तुझ्या पुस्तकात तो नावाडी बोलायला लागला तेव्हाच मला कळलं. एवढं नीट कुणी खरं सांगत नाही.

माझा मुलगा बुडाला असं मला वाटत नाही. मी आई आहे, मला ते वाटणारच नाही. मी मरेपर्यंत दाराकडं कान देईन, त्याला इलाज नाही. पण ते माझं काम आहे, यामनाचं नाही. ती या घरात आली तेव्हा तिच्या दोन वेण्या होत्या. आता तिला सुईत दोरा ओवायला सुकैना लागते. मी जिवंत आहे तोवर ती म्हणणार नाही की मला जायचंय. म्हणून मी ठरवलं की तो गेला. तुझं पुस्तक आलं आणि मला बोलायला कारण मिळालं, एवढंच.

तू खोटं बोलू नकोस. तू सरकारी माणूस, तुला ते अवघड जाईल. तू शोध घेतलास तेवढं सांग. खोटं मी बोलेन. मी सांगेन की जायच्या आदल्या दिवशी महजूब माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, आई, मी नावेनं जातोय, यामनाला सांगू नकोस. त्यानं मला काही सांगितलं नव्हतं. माझ्या हाताचा मुका घेतला आणि गेला, तो रोजच घ्यायचा. पण आंधळ्या म्हातारीला न्यायाधीश उलट विचारत नाहीत.

तू फक्त तिथं बस. आणि मी बोलताना माझ्याकडं पोलिसासारखं बघू नकोस. मला दिसत नाही, पण न्यायाधीशाला दिसतं.

बातूल

मामा, आजीनं सांगितलं तसं लिहिलं. मी मध्ये एकदा उठून पाणी पिऊन आले. बाबांचा चेहरा मला आठवत नाही, फोटोतलाच आठवतो. तुमच्या पुस्तकातला माणूस मला आवडला होता. — सुकैना

लाराश
५ एप्रिल

यामना,

सतरा तारखेला संध्याकाळच्या बसनं पोचतो. कारण विचारू नकोस. तुझ्यासाठी मीठ लावलेली सार्डिन आणतो, स्टँडवर कुणाला पाठवू नकोस. हम्मादची गाडी तर नकोच, मला मागून भेटू दे त्याला.

मी जे केलं तेवढंच सांगेन. पुस्तकातलं काही सांगणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

बूजमा

बेनी मेल्लाल
१२ जून

भाऊ,

गेल्या आठवड्यात कोर्टाचा निकाल हातात आला. महजूब गेला, असं त्यांनी ठरवलंय. मी वाचला, सुकैनानं वाचला, मग लल्ला बातूलनी हातात घेतला आणि शिक्का कुठं आहे ते बोटानं शोधलं.

सुनावणीच्या दिवशी तू लगेच बस पकडून गेलास, बोलणं झालं नाही. मला वाटलं होतं तुझ्या साक्षीनं सगळं बिघडणार. तू उभा राहिलास आणि एकामागून एक सांगत गेलास, इथं शोधलं, नाही सापडला, तिथं शोधलं, नाही सापडला. न्यायाधीशांनी तुझं पुस्तक उचलून विचारलं, "यात तर तुम्ही त्याला बुडालेला दाखवलाय." तू म्हणालास, "साहेब, तिथं शेवट मला करायचा होता. इथं तो तुम्हाला करायचा आहे." मला तुझा राग आला. इतक्या लांब येऊन हे बोललास.

मग लल्ला बातूल बोलल्या. भाऊ, मला हे काहीच माहीत नव्हतं. महजूब आदल्या दिवशी त्यांच्याजवळ बसला, नावेचं सांगितलं, मला सांगू नको म्हणाला, आणि इतकी वर्षं या बाईनं ते पोटात ठेवलं. माझं दुःख वाढू नये म्हणून. ऐकून मी आधी रागावले, मग लाजले. आपण एका ताटात जेवतो आणि शेजारच्या माणसाच्या पोटात काय आहे ते कळत नाही. त्या बोलत होत्या तेव्हा तू सगळा वेळ जमिनीकडं बघत होतास. तुला रडू येतंय असं मला वाटलं. न्यायाधीशांनाही तसंच वाटलं असणार, कारण त्यांनी तुला पाणी द्यायला सांगितलं.

शुक्रवारी मशिदीत नमाज झाली. गल्लीतले सगळे पुरुष गेले. मी पांढरे कपडे घातलेत, बाह्या जोडल्यात. इद्दतीचे चार महिने दहा दिवस संपेपर्यंत बाहेर फारशी पडणार नाही. हम्माद या महिन्यांत दाराशीही येणार नाही म्हणाला, पाव बहिणीबरोबर पाठवतो. लल्ला बातूलना आता शांत वाटत असेल. दुपारी लवकर झोपतात, फारसं बोलत नाहीत. मनावरचा एवढा भार उतरला की माणूस थकतंच.

मी तुला पोलिसासारखा वागलास म्हणून दोष दिला होता. तो मागं घेते.

यामना

बेनी मेल्लाल
३ सप्टेंबर

बाळा बूजमा,

पुन्हा मीच. यामनाला वाटतंय सुकैना कॉलेजच्या कामासाठी तुला काही विचारतेय.

सगळं नीट झालं. यामनाचा आवाज बदललाय. ती काम करताना गुणगुणते आणि मी ऐकतेय हे लक्षात आलं की थांबते. मी झोपल्याचं सोंग करते, म्हणजे ती थांबणार नाही.

पण माझी एक अडचण झालीय. पूर्वी मी महजूबचं नाव काढायची, तर यामना म्हणायची, अल्ला त्याला घरी आणो. शेजारणी म्हणायच्या, येईल हो. आता नाव काढलं की सगळ्या म्हणतात, अल्ला त्याच्यावर दया करो. मीच कोर्टात सांगितलं, मग मी कुठल्या तोंडानं म्हणू की असं म्हणू नका? घरात त्याला जिवंत ठेवायला जागाच राहिली नाही.

तू त्याला चांगलं मरण लिहून दिलंस. त्याबद्दल मी तुला काही बोलणार नाही, आपल्याला ते कामाला आलं. आता मला एक जगणं लिहून दे. ती गोष्ट आहे हे मला ठाऊक असेल, तू समजावत बसू नकोस. लांब नको, सुकैनाला एका दुपारी वाचता येईल एवढं.

त्याला मोठा श्रीमंत करू नकोस, माझा विश्वास बसणार नाही. वाईटही करू नकोस. आणि फोन का केला नाही ते लिही. ते गाळून पुढं गेलास तर मी सुकैनाला तिथंच थांबवीन.

बातूल

मामा, मलाही हवंय. — सुकैना

लाराश
२० ऑक्टोबर

लल्ला बातूल,

उशीर झाला, माफ करा. प्रकाशकबाई दुसरं पुस्तक मागत होत्या, त्यांना मी नाही कळवून टाकलं. तुम्हाला नाही म्हणता आलं नाही. पण बरेच दिवस कागद कोराच राहिला. तुम्ही विचारलंत तो प्रश्न मी नव्व्याण्णव सालापासून टाळत होतो. पुस्तकात त्याला बुडवलं, त्याचं हेही एक कारण असेल. बुडालेल्या माणसाला कुणी विचारत नाही, फोन का केला नाहीस.

यामनाच्या लग्नाला येईन तेव्हा यातलं काही बोलायचं नाही. आता सुकैना, सावकाश वाच.

महजूब समुद्रापासून लांब एका गावात राहतो. गावाचं नाव लिहीत नाही, नाहीतर तुम्ही जायला निघाल. तिथं फळांची शीतगृहं आहेत, त्यांतले दिवे आणि मोटारी तो सांभाळतो. डोक्यावरचे केस गेलेत. गुडघा दुखतो, म्हणून शिडीवर आता दुसऱ्याला चढवतो आणि खालून रागावतो. एका खोलीत तिघं राहतात. त्यातला नादोरचा एक जण घोरतो, आणि महजूब रोज सकाळी त्याला सांगतो की तू घोरतोस, आणि तो रोज म्हणतो, मी नाही. दुसरं लग्न केलेलं नाही. तेवढं मी तपासलं.

फोनचं असं झालं. पोचल्यावर पहिले काही महिने त्याला काम नव्हतं. दुसऱ्याच्या ताटात जेवत होता. घरी फोन करून काय सांगू, काम लागलं की करीन, असं त्यानं ठरवलं. मग काम लागलं, पण मालकानं पैसे बुडवले. त्यानं ठरवलं, हातात काही आलं की करीन. मग ते आलं, तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. आता नुसतं 'मी पोचलो' म्हणून भागणार नव्हतं, वर्षभर गप्प का होतो ते आधी सांगावं लागणार होतं. त्यानं मनात वाक्य जुळवलं. ते त्याला खोटं वाटलं. दुसरं जुळवलं. असं करता करता आणखी एक वर्ष गेलं, आणि सांगायचं वाक्य आणखी लांबलं. त्यानं कधीच ठरवलं नाही की फोन करायचा नाही. तो रोज उद्यावर ढकलत राहिला. मी अशी माणसं पाहिली आहेत, लल्ला बातूल. असा माणूस वाईट नसतो. ती गप्प राहिलेली वर्षं डोंगरासारखी समोर उभी राहतात, आणि त्याला चढायचा रस्ता सापडत नाही.

आपल्या भागातलं कुणी नवीन माणूस त्या गावात आलं की महजूबला कळतं. तो त्याला जेवायला बोलावतो. यंदा गावच्या झऱ्याला पाणी कसं आहे विचारतो. ऑलिव्ह कसे आले, नवा रस्ता कुठून काढला, बाजारात शेड घातली का, सगळं विचारतो. आपल्या गल्लीचं विचारत नाही. समोरच्यानं आपण होऊन सांगितलं तर उठून चहा ओतायला लागतो, पण किटली हातात धरून ऐकत असतो.

या उन्हाळ्यात एक तरुण आला. त्याची मावशी तुमच्या गल्लीत राहते. बोलता बोलता तो म्हणाला, आमच्या मावशीच्या शेजारी एक आंधळी आजी आहे, अख्ख्या कोर्टाला तिनं गप्प बसवलं म्हणतात. पाठ अजून ताठ आहे तिची, मसूर निवडते तर एक खडा सुटत नाही.

महजूबनं विचारलं, "तब्येत बरी आहे का तिची?"

"मावशीला रोज हाका मारते," तो म्हणाला. "आवाज पार कोपऱ्यापर्यंत येतो."

महजूबनं भाकरीचा तुकडा तोडला, ताट जवळ ओढलं, आणि नादोरवाल्याला म्हणाला, "वाढ अजून थोडं."

बूजमा